अजिंठ्याच्या जळालेल्या नकला आणि घरातली हार्ड डिस्क

छत्रपती संभाजीनगरहून जळगावच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेले की वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर अजिंठ्याची लेणी लागतात. नवव्या आणि दहाव्या लेण्यातली काही चित्रे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यातली जगप्रसिद्ध चित्रे पाचव्या शतकातली, वाकाटक नरेश हरिषेणाच्या काळातली. खडबडीत कातळावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग, एवढ्या भांडवलावर ती टिकली. पावसाळ्यातली ओल, वटवाघळे, आत पेटवलेल्या चुली आणि भिंतींवर नावे कोरणारे हौशी प्रवासी या सगळ्यांना ती पुरून उरली.

या चित्रांच्या नकलांचे नशीब मात्र फुटके. १८६६ ते १९२३ या काळात त्यांच्या तीन मोठ्या संचांवर गदा आली. दोनदा लंडनच्या आगीत, एकदा टोकियोच्या भूकंपात. मूळ चित्रे नष्ट होतील या धास्तीने ज्या प्रती केल्या त्यांची राख झाली आणि मूळ चित्रे भिंतीवर आहेत तिथेच आहेत. संगणकावर आपल्या छंदाचे काम साठवणाऱ्या माणसाने बॅकअप ही काय चीज आहे हे समजून घ्यायचे तर यापेक्षा बोलके उदाहरण जगात शोधून सापडणार नाही, आणि ते आपल्याच जिल्ह्यातले आहे.

सुरुवात शिकारीपासून झाली. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा मद्रास घोडदळाचा अधिकारी वाघाच्या मागावर असताना दहाव्या लेण्यापाशी पोहोचला आणि आत शिरून खांबावर आपले नाव व तारीख कोरून आला. ती अक्षरे आज डोक्याच्या बरीच वर दिसतात, कारण त्या वेळी लेण्यात कित्येक फूट दगडमातीचा भराव होता आणि स्मिथ त्या भरावावर उभा होता. आसपासच्या लोकांना लेणी ठाऊक होतीच. बाहेरच्या जगात त्यांचा बोलबाला झाला तो इथून. १८४३ मध्ये जेम्स फर्ग्युसनने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातल्या कोरीव लेण्यांवर निबंध वाचला. चित्रे झपाट्याने बिघडत आहेत, त्यांच्या नकला करून ठेवा, असा लकडा सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीकडे लावला. १८४४ मध्ये मद्रास सैन्यातल्या कॅप्टन रॉबर्ट गिलची त्या कामावर नेमणूक झाली.

गिल अजिंठा गावात राहिला. त्याची बारादरी आणि त्याची पारो यांच्या गोष्टी गावात अजून सांगितल्या जातात. पारोची १८५६ सालची कबर तिथे आहे. ना. धों. महानोरांनी या प्रेमकथेवर दीर्घ काव्य लिहिले आणि २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाईंनी त्यावर चित्रपट काढला. त्या झगमगाटात गिलचे खरे काम झाकोळून गेले आहे असे मला नेहमी वाटते. लेण्यांत उजेड येतो तो फक्त समोरच्या दारा-खिडक्यांतून, तोही दिवसाचा थोडा वेळ. आतल्या भिंतींवर तर आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने ऊन परतवून न्यावे लागे. अशा उजेडात गिलने जवळपास वीस वर्षे तैलरंगांत मोठमोठे कॅनव्हास रंगवले. सुमारे ३० चित्रे तयार झाली, लंडनला रवाना झाली आणि त्यांतली बहुतेक सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या काचमहालाच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. आज गिलचे चारपाच कॅनव्हास काय ते उरले आहेत, लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये.

याच गिलने १८५० च्या दशकात कॅमेरा हाती घेतला होता. लेण्यांची, देवळांची, शिकारीची अशी त्याने काढलेली छायाचित्रे घेऊन फर्ग्युसनने १८६४ मध्ये, म्हणजे आगीच्या दोनच वर्षे आधी, भारतातल्या लेण्यांवर पुस्तक काढले. ते आजही ग्रंथालयांत पाहायला मिळते. सरकारने पगार देऊन करवून घेतलेले काम एका छपराखाली होते, ते गेले. जाता जाता काढलेले फोटो छापून वाटले गेले होते, ते राहिले.

आणि गिल पुन्हा कामाला लागू शकला, साठी ओलांडलेली असताना. ते शक्य झाले कारण मूळ चित्रे लंडनपासून हजारो मैलांवर, सह्याद्रीच्या कातळात सुरक्षित होती. अंतराने वाचवले, बाकी कशाने नाही.

आपल्या शहरात असे गिल गल्लोगल्ली आहेत. थंडीत पहाटे उठून पैठणच्या नाथसागरावर रोहित आणि बदके टिपायला जाणारे आहेत. दौलताबाद, खुलताबाद, पितळखोरे पालथे घालून शिलालेखांचे फोटो जमवणारे आहेत. घराण्याची वंशावळ लावणारे निवृत्त शिक्षक आहेत, आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवणाऱ्या नाती आहेत. या कामाला पगार नाही, वेळापत्रक नाही आणि म्हणून बहुधा व्यवस्थाही नाही. सगळे एका लॅपटॉपमध्ये असते. जागा संपली की एक पोर्टेबल हार्ड डिस्क घरात येते आणि खरी गफलत तिथे होते. लॅपटॉप मोकळा करण्यासाठी फोटो डिस्कवर कट-पेस्ट केले जातात. लॅपटॉप रिकामा, डिस्क भरलेली, आणि मालक चारचौघांत सांगतो की आपण बॅकअप घेतलेला आहे. प्रत तर एकच आहे, तिने फक्त घर बदलले. उडून गेलेल्या रोहित पक्ष्याचा फोटो पुन्हा काढायला गिलची भिंतही जाग्यावर नसते.

हार्ड डिस्कच्या पोटात काय चालते हे पाहिले तर तिच्यावर एवढा भरवसा कुणी ठेवणार नाही. आरशासारख्या गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि त्यांच्यावर वाचन-लेखन करणारे हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड असतो. चालू डिस्क टेबलावरून घसरली, केबलला पाय अडकला, की हेड चकतीला टेकते आणि आतून लयीत कट-कट असा आवाज येऊ लागतो. तो ऐकून एकदा चालू-बंद करून पाहू असे ज्याला त्याला वाटते. पण दर वेळी ती चालू केली की घासलेले हेड आणखी थोडा पृष्ठभाग खरवडते. मग डेटा रिकव्हरीवाल्याकडे जावे लागते आणि तिथला खर्च नव्या डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट निघतो. एसएसडीत हलणारे काही नसते, त्यामुळे ती पडण्याला घाबरत नाही. पण ती गेली तर बहुधा आवाज न करता, एका झटक्यात जाते, आणि वीज न देता कपाटात वर्षानुवर्षे ठेवली तर तिच्यात साठवलेला विद्युतभार हळूहळू गळतो. पेनड्राइव्ह हे कागदपत्रे झेरॉक्सच्या दुकानात नेण्याचे साधन आहे, त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

यावरचा सर्वांत सुटसुटीत नियम कुठल्या संगणक कंपनीने सांगितलेला नाही. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग याने डिजिटल फोटोंच्या व्यवस्थेवरच्या आपल्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला: तीन-दोन-एक. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. लॅपटॉप, कपाटातली हार्ड डिस्क आणि क्लाऊड असे धरले की झाले. इंटरनेट मंद असेल, फोटोंचा पसारा दोन-तीन टेराबाइटचा असेल, तर दुसरी हार्ड डिस्क सिडकोतून पुण्याला भावाच्या घरी ठेवून दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत अदलाबदल करणे हाही उत्तम क्लाऊड आहे. मे महिन्यात ती डिस्क गाडीच्या डिकीत तळू देऊ नये, एवढेच.

गिलनंतर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा जॉन ग्रिफिथ्स उभा राहिला. १८७२ ते १८८५ या काळात तो आणि त्याचे भारतीय विद्यार्थी अजिंठ्यात येऊन नकला करत राहिले. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आलेले पेस्तनजी बोमनजी त्यांत होते. या वेळी काम एका माणसाचे नव्हते, अख्ख्या शाळेचे होते, त्यामुळे सुमारे ३०० कॅनव्हास तयार झाले. ते गेले कुठे? पुन्हा लंडनला, साउथ केन्सिंग्टनला. १८८५ मध्ये तिथे साठवणीच्या जागेला आग लागली आणि शंभराहून अधिक कॅनव्हास जळाले. क्रिस्टल पॅलेसच्या आगीला तेव्हा वीस वर्षेही झालेली नव्हती. दीडशेहून अधिक कॅनव्हास वाचले, तेही गिलच्या चित्रांप्रमाणे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि बराच काळ प्रदर्शनाबाहेर आहेत.

ग्रिफिथ्सने मात्र एक शहाणपण केले. उरलेले कॅनव्हास, आरेखने आणि टिपणे यांवरून त्याने १८९६-९७ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवर दोन खंडांचा जाडजूड ग्रंथ छापला. छपाईत आकार आक्रसला, रंगांचे बारकावे गेले, तरी जगभरच्या चित्रकारांनी अजिंठा पाहिला तो आधी या ग्रंथात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो असाच दाबून लहान केलेला असतो, आणि मूळ फोटो हरवलेल्या कितीतरी घरांत तोच शेवटचा पुरावा म्हणून उरतो. कमअस्सल प्रतीला नाके मुरडू नयेत. फक्त तिला बॅकअप समजून मूळ फोटो पुसू नयेत.

ग्रिफिथ्सच्या काळातच एक वेगळीच आपत्ती घडली आणि तिचा धूर कुणाला दिसला नाही. धूसर झालेली चित्रे नकलेसाठी स्पष्ट दिसावीत म्हणून भिंतीवर व्हार्निश लावले गेले. त्या क्षणी रंग उजळले. पुढे ते व्हार्निश पिवळे-तपकिरी पडले, त्यात धूळ आणि काजळी अडकली, आणि आक्रसताना ते खालच्या रंगाचे पापुद्रे स्वतःबरोबर उचलू लागले. १९२० मध्ये हैदराबादच्या निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन जाणकारांना बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा पक्का केला, चित्रे पुसून काढली. पण त्यांनीही लाख वापरली, आणि तो थर काढण्याचे काम पुढच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले. पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर दिव्याच्या मंद उजेडात उभे राहिले की कडेच्या भागांवरचा तो तपकिरी ओशटपणा आजही कुठे कुठे ओळखू येतो.

प्रत करताना मूळ दुखावणे हा प्रकार संगणकावर रोज घडतो. मूळ जेपीजी उघडायचा, जरा कापायचा, जरा उजळायचा आणि त्याच नावाने सेव्ह करायचा; दर वेळी तो नव्याने दाबला जातो आणि तपशील कायमचे जातात. जुनी कॅसेट डिजिटल करायला बसायचे आणि टेपरेकॉर्डरचे हेड साफ केलेले नसायचे. कॅमेऱ्यातून आलेल्या रॉ फाइल्स आणि पहिले ध्वनिमुद्रण यांचा फोल्डर ‘फक्त वाचनासाठी’ करून ठेवावा आणि सगळे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.

यानंतर १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम दोन हिवाळे इथे आली. तिच्या मदतीला नंदलाल बोस, असितकुमार हालदार, के. वेंकटप्पा आणि हैदराबादचे सय्यद अहमद, मुहम्मद फजलुद्दीन असे तरुण चित्रकार होते. त्या नकलांचा ग्रंथ १९१५ मध्ये निघाला. पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या पंचवीस वर्षांत छायाचित्रांसह अजिंठ्यावरचे चार भाग प्रसिद्ध केले, आणि अभ्यासकांचे हात त्यांच्याकडेच आधी जातात. पण थक्क करणारी गोष्ट जपानी चित्रकाराची आहे.

अराई काम्पो १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या निमंत्रणावरून कोलकात्याला आला आणि तिथून अजिंठ्याला जाऊन त्याने नकला केल्या. त्या टोकियोच्या विद्यापीठात पोहोचल्या. १ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो भागात महाभूकंप झाला, शहरभर आगी भडकल्या आणि नकला गेल्या. हाच अराई काम्पो पुढे नाराजवळच्या होर्यू-जी या बौद्ध मठाच्या मुख्य मंदिरातली भित्तिचित्रे उतरवण्याच्या सरकारी कामावर होता. त्या चित्रांची तुलना अभ्यासक अजिंठ्याशी करत आले आहेत. काम्पो १९४५ मध्ये वारला, त्याचे सहकारी काम करत राहिले, आणि २६ जानेवारी १९४९ रोजी पहाटे त्या मंदिरालाच आग लागली. नकलाकारांनी थंडीत ऊब मिळावी म्हणून वापरलेल्या विजेच्या गादीवर संशय घेतला गेला. या वेळी जळाले ते मूळ. जपानने तो दिवस सांस्कृतिक वारशाच्या अग्निसुरक्षेचा दिवस ठरवला.

पण होर्यू-जीची चित्रे आज पाहता येतात. १९३५ मध्ये क्योटोच्या बेनरिदो या छपाई कंपनीने त्या भिंतींची मूळ आकारातली छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर घेतली होती. १९६७-६८ मध्ये चित्रकारांनी त्या छायाचित्रांच्या आधारे सगळी भित्तिचित्रे नव्याने रंगवली. या साऱ्या इतिहासात बॅकअप म्हणून बॅकअप कामी आल्याचे इतके चोख उदाहरण हे एकच.

क्लाऊड म्हटले की ढगात काही तरंगत असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती कुठल्यातरी गावातली इमारत असते, तिला दारे असतात आणि तिला आग लागते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचे एक डेटा सेंटर जळाले. काही ग्राहकांच्या बॅकअप प्रतीही त्याच आवारात होत्या, त्याही गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठवणीतला ८५८ टेराबाइट डेटा नष्ट झाला. आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. १८६६ मध्ये लंडनमध्ये जे घडले तेच, फक्त कॅनव्हासऐवजी सर्व्हर.

गुगल फोटोजसारख्या सिंक होणाऱ्या सेवेबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. फोनवर फोटो पुसला की तो तिकडेही पुसला जातो, आणि कचरापेटीतून बाहेर काढायची मुदत साधारण महिना-दोन महिन्यांची असते. नातवाने फोन खेळायला घेतला आणि ती मुदत संपल्यावर आजोबांच्या लक्षात आले, तर काही करता येत नाही. खंडणीखोर व्हायरसचेही तसेच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय जगभर पसरला तेव्हा संगणकाला जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सही त्याने कुलूपबंद केल्या. बॅकअपची डिस्क काम झाले की काढून ठेवायची असते, ती याचसाठी.

आता पैठण. आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या या गावात नकलांच्या प्रश्नाला कुणीतरी संगणकापूर्वी साडेतीनशे वर्षे हात घातला होता. ज्ञानेश्वरी १२९० ची. तीनशे वर्षांत तिच्या हाताने लिहिलेल्या असंख्य प्रती झाल्या होत्या. आग नाही, पूर नाही, तरी ग्रंथ हळूहळू बिघडत होता: एका नकलाकाराने शब्द चुकवला, दुसऱ्याने तो आपल्या समजुतीने सुधारला, तिसऱ्याने एक ओवी पदरची घातली. पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती जमवून, पाठ ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी ओव्या जोडून कामाची तिथी नोंदवली. यापुढे कुणी यात आपली ओवी घुसडू नये अशी तंबीही दिली. संगणकात हेच काम चेकसम करतो. फाइलमधल्या सगळ्या मजकुरावर गणित चालवून एक लांबलचक आकडा काढला जातो. एसएचए-२५६ ही त्याची रूढ पद्धत. वर्षभराने पुन्हा आकडा काढला आणि तो जुळला नाही तर फाइलमध्ये कुठेतरी एक अक्षर तरी बदलले आहे हे कळते. डिस्कवरची माहिती पडून पडून अशी बिघडते आणि फाइल उघडेपर्यंत पत्ता लागत नाही.

उघडून पाहणे हीच तर सगळ्यांची टाळाटाळ. १९९८ मध्ये पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ हा चित्रपट अर्ध्यावर असताना कुणाच्यातरी एका चुकीच्या आज्ञेने त्याच्या फाइल्स भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअपच्या टेप होत्या, पण त्या नीट चालत नसल्याचे तेव्हा कुठे समजले. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या एका तंत्र-दिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकावर जवळजवळ ताजी प्रत होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून कार्यालयात आणला गेला आणि चित्रपट वाचला. महिन्यातून एकदा बॅकअपमधला एखादा फोल्डर दुसऱ्याच संगणकावर उतरवून उघडून पाहिला तर या थरारातून जायची वेळ येत नाही.

निगराणीचे एक उदाहरण पुन्हा अजिंठ्याच्या पायथ्याचे. मूळ लेण्यांवरचा गर्दीचा ताण कमी व्हावा म्हणून फर्दापूरजवळ पर्यटक केंद्र उभारले गेले, त्यात लेणी १, २, १६ आणि १७ च्या हुबेहूब प्रतिकृती केल्या. जपानच्या अर्थसाहाय्याचा भाग असलेला हा प्रकल्प होता आणि कामही देखणे झाले. पुढे वीज-पाण्याची बिले थकली आणि केंद्राला टाळे लागले. क्लाऊडचे वर्षाचे पैसे ज्या डेबिट कार्डावरून जातात त्याची मुदत संपली की घरोघरी हेच घडते, फक्त बातमी होत नाही.

पैठणशी नाते असलेला दुसरा ग्रंथ म्हणजे ‘लीळाचरित्र’. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी त्यांच्या अनुयायांकडून हिंडून हिंडून गोळा केल्या आणि १२७८ च्या सुमारास रिद्धपूरला ग्रंथ लिहिला. मराठीतले हे पहिले मोठे गद्य. खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, मूळ पोथी हरवली. महानुभाव परंपरा सांगते की पंथातल्या हिराइसेला ग्रंथ तोंडपाठ होता. तिच्या आणि इतरांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा राहिला, म्हणूनच त्याचे वेगवेगळे पाठ आजही अभ्यासकांपुढे आहेत. पाठभेद पत्करून ग्रंथ हाती राहिला. माध्यम वेगळे, जागा वेगळी: एक प्रत पोथीत, एक माणसात. क्रोगच्या नियमातल्या ‘दोन माध्यमां’ची इतकी जुनी नोंद मला दुसरी माहीत नाही.

त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. परक्याच्या हाती पोथी पडली तरी त्याला अक्षर लागू नये अशी व्यवस्था. ती इतकी यशस्वी झाली की शेकडो वर्षे पंथाबाहेर हे साहित्य कुणाला वाचताच आले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांच्या हाती लिपीची किल्ली लागली आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. ज्यांनी आपल्या बॅकअपच्या डिस्कला पासवर्ड घातला आहे त्यांनी तो घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवला आहे का, हे आजच पाहावे.

पासवर्ड नसतानाही कुलूपबंद झालेल्या मराठी फाइल्स घरोघरी आहेत. १९९० नंतरची पंधरा-वीस वर्षे मराठी टंकलेखन श्री-लिपी, कृतिदेव, सी-डॅकच्या डीव्हीबी-टीटी मालिकेतल्या फॉन्टांत होत असे. त्या पद्धतीत संगणकाच्या दृष्टीने साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की स्वल्पविराम, कंस आणि तुटक रोमन अक्षरांचा पाऊस पडतो. गावचा इतिहास, घराण्याची कुळकथा, कवितांचे हस्तलिखित, असे किती काम अशा फाइल्समध्ये आणि पेजमेकरच्या जुन्या आवृत्त्यांत अडकून पडले आहे. बाइट सगळे शाबूत, चेकसम जुळतो, तीन प्रती आहेत, आणि वाचता येत नाही. ज्यांच्याकडे अजून जुना संगणक चालतो त्यांनी आधी तिथेच त्या फाइलची पीडीएफ करून घ्यावी, म्हणजे पानाचे रूप तरी पक्के होईल. मग रूपांतर करणारे साधन वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरे, रफार, ‘र’चे फर्राटे एकदा डोळ्यांखालून घालावेत, कारण रूपांतराच्या चुका तिथेच होतात. मूळ फाइल फेकू नये. तिच्याच फोल्डरमध्ये फॉन्टची फाइल टाकावी आणि फॉन्टचे नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती व टंकलेखनाचे वर्ष एवढ्या तीन ओळींची साधी टेक्स्ट फाइल जोडून ठेवावी.